काळा आजार आणि सालक

'काळा आजार' हे नाव मराठी कानाला इतके सवयीचे वाटते की ते बाहेरचे असावे असा संशयही येत नाही. वस्तुतः रोग बिहार, बंगाल, आसामकडचा आणि नावही तिकडचेच. हिंदीत 'काला' आणि 'आज़ार' एकमेकांत मिसळून 'कालाजार' झाले. बंगालीने फारसी उत्तरपद काढून टाकले आणि त्या जागी संस्कृत 'ज्वर' बसवून 'कालाज्वर' केले. मराठीने फक्त 'ल'चा 'ळ' केला आणि शब्द घरात घेतला. नावात दोनच पदे. पण दोन्ही दिसतात तितकी सरळ नाहीत.

आधी 'काळा'. रुग्णाच्या कपाळावर, हातापायांवर, पोटावर काळसर झाक येते म्हणून 'काळा', हा रूढ खुलासा, आणि तो नाकारण्याचे कारण दिसत नाही. मात्र संस्कृतात 'काल' दोन आहेत. एक रंगाचा, एक वेळेचा. रंगाचा 'काल' मूळचा द्राविड असावा असे काही अभ्यासक मानतात. वेळेचा 'काल' निराळ्या घराण्यातला दिसतो. वेळेचाच पुढे मृत्यू झाला, कारण ती सर्वांची येते. उपचार न मिळाल्यास हा आजार जवळजवळ हटकून जीव घेतो. त्यामुळे ज्यांनी हे नाव उच्चारले त्यांच्या मनात रंगाबरोबर 'काळ'ही डोकावत असावा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही भेसळ. पण लोक शब्द वापरतात ते धातुपाठ पाहून नव्हे.

आसामात याला आणखी एक नाव होते, 'सरकारी बेमारी'. इंग्रजी अंमल आणि ही साथ एकापाठोपाठ आली, तेव्हा लोकांनी दोहोंची सांगड घातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गारो टेकड्यांच्या पायथ्यापासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ही साथ गावागावाने वर सरकत गेली. आपण मराठीत रोगाच्या फैलावाला 'साथ' म्हणतो. हा शब्द संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, प्राकृत 'सत्थ', या वाटेने आलेला असावा. 'सोबत' या अर्थाचा 'साथ' तर निश्चितच तिथला. माणसे रस्त्याने चालतात आणि रोग त्यांच्या सोबतीने चालतो, हे या शब्दात आपसूक येऊन बसले आहे.

आता 'आजार'. फारसीत 'आज़ार' म्हणजे छळ, यातना, दुखावणे. 'आज़ुर्दन' हे क्रियापद. उर्दूत 'दिल-आज़ारी' म्हणजे मन दुखावणे, 'मर्दुम-आज़ार' म्हणजे लोकांना छळणारा. म्हणजे फारसीत आजार कुणीतरी कुणाला देतो. तिथे छळणारा हवा. मराठीत येताना हा छळणारा वाटेत गळाला आणि उरली ती नुसती छळ झालेली देह-अवस्था. संस्कृतचा 'रोग' रुज् धातूचा, मोडणे-फोडणे या अर्थाचा. तिथेही काहीतरी काहीतरी मोडते आहे. मराठी 'आजार' मात्र अगदी निष्पाप. तो येतो, बळावतो, उतरतो. कुणी आणला हे विचारत नाही.

इथे 'बेजार' आठवल्यावाचून राहत नाही. 'आजार' आणि 'बेजार' सख्खे भाऊ असावेत असे वाटते, पण नाते जुळवायला गेले की अडते. 'बे' हा नकार. आजाराला नकार दिला तर 'आजाराविना' असा अर्थ निघायला हवा, वैतागलेला असा नव्हे. फारसीत तसा शब्द आहेही: 'बी-आज़ार', म्हणजे निरुपद्रवी. 'बेजार' वेगळ्या वाटेने आलेला दिसतो.

निरुपद्रवी या शब्दाशी थोडे थांबावे लागेल. काळ्या आजाराचा परजीवी ज्यांच्या शरीरात शिरतो त्यांतल्या बहुतेकांना आजार होतच नाही. शरीर त्याला आवरते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. मराठीने हा भेद फार सुबकपणे जपला आहे. एक 'लागण', दुसरा 'आजार'. 'लागण' लग् धातूची, चिकटण्याची. 'लग्न' त्याच कुळातले. लागण म्हणजे चिकटले एवढेच. छळ सुरू झाला तर आजार. चिकटणे आणि छळणे यांच्यामधल्या जागेत शरीर जे काही करते, ते आपण 'रोगप्रतिकारशक्ती' या लांबलचक समासात कोंबतो.

इंग्रजीचा 'इम्युनिटी' हा शब्द मुळात वैद्यांचा नव्हे, महसूलखात्याचा. लॅटिन 'मूनुस' म्हणजे सार्वजनिक कर्तव्य, वेठ, पट्टी. ती ज्याला माफ तो 'इम्मूनिस'. जो ते कर्तव्य अंगावर घेई तो 'मूनिकेप्स', आणि त्याच्यापासून आपली म्युनिसिपालिटी. म्हणजे पट्टी वसूल करणारी आणि पट्टी माफ असलेली, दोघी एकाच आजीच्या नाती. आपल्याकडे या अर्थाचा शब्द नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दिलेल्या जमिनीचा लेख आहे. त्यात ती जमीन 'अपावेस' म्हणजे राजपुरुषांनी प्रवेश न करण्याजोगी, 'अलोणखादक' म्हणजे मिठासाठी न खणण्याजोगी, अशा सवलती मोजल्या आहेत. या सवलतींना प्राचीन लेखांतला शब्द 'परिहार', आणि पुराभिलेखांचे अभ्यासक त्याचे इंग्रजी 'इम्युनिटी' असेच करतात. पुढे 'परिहार' फार बदलला. आज आपण शंकेचा परिहार करतो, आणि काम संपल्यावर श्रमपरिहाराला जेवतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी तो न घेता 'प्रतिकार' घेतला. माफीचा शब्द सोडून झुंजीचा घेतला. मला ही निवड योग्य वाटते, कारण या आजारात माफी मिळते ती परजीवीला.

ती कशी मिळते हे पाहण्याआधी 'परजीवी'. ग्रीक 'पारासितोस' म्हणजे शेजारी बसून अन्न खाणारा. 'सितोस' म्हणजे धान्य. अथेन्समध्ये देवळाच्या प्रसादाच्या पंगतीला बसणाऱ्या मानकऱ्यांना हे नाव होते, मानाचे. पुढे विनोदी नाटकांनी त्याला बड्यांच्या ताटावर ताव मारणारा ऐतखाऊ केले. संस्कृतात कोकिळेला 'परभृत', 'अन्यपुष्ट' म्हणतात. तिथे निंदा कमी, कौतुक जास्त. मराठीचे 'बांडगूळ' मात्र सरळ शिवीच. या साऱ्या शब्दांत एक चित्र समान आहे: पाहुणा यजमानाचे खातो. लीशमानिया या काळ्या आजाराच्या परजीवीच्या बाबतीत सुरुवात नेमकी उलटी होते. यजमानच पाहुण्याला खातो, आणि तिथेच पाहुण्याचे फावते.

परजीवी माणसात येतो तो वाळूमाशीच्या चाव्यातून. हे नाव इंग्रजीवरून केलेले दिसते, हिंदीतही 'बालू मक्खी'. माशी वाळूत राहत नाही. रंग वाळूचा म्हणून नाव तसे पडले असावे. राहते ती गोठ्यांत, मातीच्या भिंतींच्या भेगांत. आकार दोन-तीन मिलिमीटर, पंख उभे, उडणे टुणकण आणि बिनआवाजी. चावते फक्त मादी. महाराष्ट्राशी या माशीचा संबंध वेगळ्या रोगाने आहे: १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्याचे नाव पडले तो विषाणूही वाळूमाश्याच पसरवतात. काळा आजार पसरवणाऱ्या वाळूमाशीचे शास्त्रीय नाव 'फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस'. पूर्वपद ग्रीक, शीर कापणारी. सुश्रुताच्या भाषेत हा 'सिराव्यध', फक्त वैद्याविना. उत्तरपद लॅटिन, चांदीच्या पायांची. 'अर्जेंटुम' म्हणजे चांदी, आणि संस्कृतचा 'अर्जुन' म्हणजे शुभ्र, लखलखीत, हा त्याचा सगोत्र. हा अर्जुन पुढे पुन्हा भेटणार आहे.

परजीवी पहिल्यांदा दिसला त्या गोष्टीतही एक ओळखीचा शब्द दडला आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत ताप घेऊन इंग्लंडला परतलेला एक शिपाई तिथे मरण पावला. विल्यम लीशमन यांनी त्याच्या पानथरीतल्या सूक्ष्म गोलाकार कणांची हकीगत १९०३ साली छापली. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच दिसले, आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून 'लीशमानिया डोनोवानी' असे बारसे केले. डमडम म्हणजे फारसी 'दमदमा', तोफा चढवण्यासाठी उभारलेला मातीचा उंचवटा. मराठ्यांच्या मोहिमांच्या वर्णनांत मोर्चे आणि दमदमे जोडीने येतात, ते हेच.

'पानथरी' ही प्लीहा. 'प्लीहन्' आणि ग्रीक 'स्प्लेन' एकाच मुळाचे मानतात. 'पानथरी' मात्र अस्सल इथली. पानासारखा थर म्हणून असेल, किंवा 'पाणथरी' हे रूप जुने धरून पाण्याचा थर असेल. माझा कल पानाकडे. काळ्या आजारात ही पानथरी वाढत वाढत बेंबीच्या खाली उतरते. रक्त गाळणे आणि रक्तातल्या परक्यांना पकडणे हे तिचे काम. परके संपेनात म्हणून ती फुगत जाते.

माशीच्या पोटात परजीवीला एक लांब शेपूट असते, तिच्या झटक्यांवर तो पोहतो. ग्रीकात चाबकाला 'मास्तिक्स'. म्हणून या रूपाचे नाव 'प्रोमास्टिगोट', आणि माणसाच्या पेशीत गेल्यावर शेपूट आखडून गोल झालेल्या रूपाचे 'अमास्टिगोट'. तो 'अ' म्हणजे आपलाच नकाराचा 'अ'. चाबकाला संस्कृतात 'प्रतोद'. विधिमंडळात पक्षप्रतोद असतात, तेव्हा अमास्टिगोटला 'अप्रतोद' म्हणायला हरकत नव्हती. कोणी म्हटले नाही हे बरेच झाले.

चावा बसला की पहिल्या काही मिनिटांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात आणि परजीवींना गिळतात. त्या अल्पायुषी. त्या मरू लागल्या की त्यांना आवरायला येतात 'मॅक्रोफेज', महाभक्षी पेशी. मेलेल्या पेशीबरोबर आतला जिवंत परजीवीही त्यांच्या पोटात जातो. काही परजीवी थेट गिळले जातात. रक्तातली 'पूरक' प्रथिने परक्याच्या अंगाला चिकटून त्याला भोके पाडतात. पण परजीवीच्या अंगावर एक प्रथिन-छेदक असते, ते या पूरकाला असे तासते की भोक पडत नाही, उलट भक्षी पेशीचे एक शांत दार उघडते. या दाराने आत घेताना पेशी फारशी खळबळ करत नाही. 'बी-आज़ार' प्रवेश तो हा.

'फेज' हा ग्रीक 'फागेइन'मधला, खाणे या अर्थाचा. त्याचे नाते संस्कृत 'भज्'शी: वाटून घेणे, वाट्याचे भोगणे. 'भक्ष्' ही त्याचीच शाखा. याच भज्-पासून 'भाग', वाट्याला आलेले ते 'भाग्य', आणि वाटा घेणारा तो 'भक्त'. 'भक्त'चा दुसरा अर्थ वाढलेले अन्न. त्याचा प्राकृतात 'भत्त' आणि मराठीत 'भात'. म्हणजे 'महाभक्षी' हे 'मॅक्रोफेज'चे भाषांतर नसून जवळजवळ भाऊबंदकी आहे, आणि आपल्या ताटातला भात त्याच वाड्यातला. 'फॅगोसाइट' हे नाव इल्या मेचनिकॉफ यांच्या कामातून आले. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि त्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला पाहिला. नावातला 'साइट' म्हणजे ग्रीक 'कितोस', पोकळ भांडे. खाणारे भांडे.

या भांड्यात खाल्लेले विरघळवणारी आम्लाची पिशवी असते. परजीवी अंगावरच्या मेद-शर्करेच्या आवरणाने गिळलेल्या कप्प्याची आणि त्या पिशवीची गाठ लांबवतो. तोवर शेपूट आखडून, रूप पालटून, त्याच आम्लात जगण्याची तयारी करतो. मग तिथेच दुपटीने वाढतो. ज्याने मारायचे त्याच्याच घरात हा राहतो. राजपुरुषांना प्रवेश नाही अशी जमीन त्याला हवी होती. त्याने राजपुरुषाच्याच पोटात ती मिळवली. खरा इम्मूनिस तो.

शरीर काय करते? एका जातीच्या पेशी, फांद्या पसरलेल्या म्हणून ग्रीक 'देन्द्रोन' म्हणजे वृक्षावरून ज्यांचे नाव पडले त्या (आपले 'दारु', 'देवदार' त्यांचेच नातलग), परजीवीचे तुकडे उचलून लसीका-गाठीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. शास्त्रात याला प्रतिजन 'सादर करणे' म्हणतात. इथे मराठीतला एक योगायोग अनावर आहे. 'पेशी' हा संस्कृत शब्द, मांसाचा तुकडा या अर्थाचा. हिंदीने तो स्नायूसाठी ठेवला, मराठीने शरीराच्या मूळ घटकाला दिला. आणि फारसी 'पेश' म्हणजे पुढे. त्यापासून पेशवा, पेशकार, 'पेश करणे', आणि विदर्भ-मराठवाड्यात कोर्टाची तारीख ती 'पेशी'. लसीका-गाठीत जे घडते ते शब्दशः पेशीची पेशी. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण मराठीत हे वाक्य अर्थपूर्ण होते आणि हिंदीत होत नाही, याचा आनंद लपवण्याचे कारण नाही.

ज्यांच्यापुढे ही पेशी होते त्या 'मदतनीस' टी-पेशी. 'मदत' अरबी, 'नीस' फारसी 'नवीस', लिहिणारा. फर्द म्हणजे याद्या लिहिणारा तो फडणवीस, चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. मदतनीस काही मदत लिहीत नाही. तो शब्द बाकीच्या नीसांच्या चालीवर बनलेला दिसतो. पण टी-पेशींच्या बाबतीत तो अचूक बसतो. ही पेशी स्वतः परजीवीला मारत नाही. ती रासायनिक आज्ञापत्रे सोडते, आणि ती वाचून भक्षी पेशी पेटून उठते किंवा थंड बसते. १९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांत दाखवले की मदतनीसांचे दोन गट आहेत. पहिल्या गटाचे पत्र गॅमा इंटरफेरॉन. ते मिळाले की भक्षी पेशी मारेकरी होते. दुसऱ्या गटाची पत्रे प्रतिपिंडे वाढवायला सांगतात. या द्वैताचा सगळ्यात ठळक पुरावा पुढे लीशमानियानेच दिला: उंदरांचे एक वाण पहिला गट वापरून बरे होते, दुसरे वाण दुसऱ्या गटाच्या नादी लागून मरते. माणसात हिशेब इतका सरळ नाही. काळ्या आजाराच्या रुग्णात गॅमा इंटरफेरॉनही असते, आणि त्याच वेळी 'आवरा' असे सांगणारे इंटरल्युकिन-१० भरपूर असते. भडका शरीरालाच जाळू नये म्हणून ही आवराआवर, आणि परजीवीला तीच हवी.

प्रतिपिंडे तर इतकी होतात की त्यांचा पूर येतो. नेपियर नावाच्या डॉक्टरांनी कलकत्त्यात १९२० च्या दशकाच्या आरंभी यावरच एक चाचणी बसवली: रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मॅलिनचा थेंब टाकला की तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट होई. पण ही सारी प्रतिपिंडे बाहेर, परजीवी आत. शरीराने नको त्या दिशेने केलेला हा प्रचंड खर्च, आणि निदानापलीकडे त्याचा उपयोग नाही.

आता अर्जुन. भक्षी पेशी पेटते म्हणजे ती 'आर्जिनीन' या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा विषारी वायू बनवते आणि परजीवी मरतो. आर्जिनीनचे पहिले स्फटिक चांदीसारखे शुभ्र दिसले म्हणून ग्रीक रजतवाचक शब्दावरून हे नाव. म्हणजे पुन्हा तेच कूळ. गंमत अशी की परजीवीलाही आर्जिनीनच हवे. दुसऱ्या गटाची पत्रे आली की भक्षी पेशी आर्जिनीन निराळ्या विकराच्या हवाली करते, त्यापासून ऑर्निथीन होते, आणि त्यातून परजीवीच्या वाढीचे सामान. एकच द्रव्य, दोन वाटा: एकीकडे विष, दुसरीकडे पोषण. चांदीच्या पायांच्या माशीने आणलेल्या पाहुण्याचा निकाल चांदीच्याच नावाच्या द्रव्यावर ठरतो. यात नियतीचा हात शोधू नये. नामकरण करणाऱ्यांना चमक आवडते एवढेच.

शस्त्रांच्या नावांचे माहेर मात्र एकच निघते. नायट्रिकमधला 'नायट्र' ग्रीक 'नित्रोन'मार्गे इजिप्तच्या क्षाराकडे जातो, ज्यात ते मृतदेह वाळवत. आणि वैद्याचे शस्त्र अँटिमनी. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेतल्या लहानशा खोलीत १९२० च्या सुमारास सिद्ध केलेले 'युरिया स्टिबामाइन' या धातूचे. असंख्य जीव त्याने वाचवले. 'स्टिबियम' हे लॅटिन नाव ग्रीकातून पुन्हा इजिप्तमध्येच पोचते, जिथे ते डोळ्यांत घालायचे काळे अंजन होते. अरबीत अंजन 'कुह्ल', त्याला 'अल' लागून बारीक पूड, मग अर्क, आणि शेवटी आपले अल्कोहोल. फारसीत तेच 'सुर्मा'. काळ्या आजारावर काळे अंजन. आणि तेही एकट्याने चालत नाही. प्रयोगांत टी-पेशी नसलेल्या उंदरांवर अँटिमनी निष्प्रभ ठरले. औषधालाही शरीराचा प्रतिकार पाठीशी लागतो. पुढे बिहारात या औषधाला परजीवी सरावला आणि इतर औषधे आली, तो वेगळा विषय.

याच परजीवीच्या भावंडांचे कातडीचे फोड इराण, अफगाणिस्तान, सीरिया, इराकमध्ये पुरातन आहेत, आणि तिथली नावे ऐकली की शब्दांचा शोध घेणाऱ्याचे पारणे फिटते. इराणात 'सालक'. 'साल' म्हणजे वर्ष, 'क' लहानपणाचा, बालकातला. काबूलकडे 'सालदाना', वर्षाचा दाणा. अरबीत 'हब्बत अस्-सना', तेच. 'साल' आपल्याकडे सालगडी, सालाबाद, दरसाल यांत मुरला आहे. आणि त्याचे संस्कृत भावंड 'शरद्', जो आधी ऋतू आणि मग वर्ष झाला. शंभर शरद जगण्याचा वैदिक आशीर्वाद आणि तोंडावरचा हा फोड एका मुळाचे. फारसी लिपीत 'सालक' आणि सूफी वाटसरू 'सालिक' सारखेच लिहिले जातात, तेवढी एक करमणूक वेगळी.

नाव 'वर्षाचा' का? कारण फोड सुमारे वर्षभरात आपोआप भरतो. व्रण राहतो; पण त्याच जातीचा फोड सहसा पुन्हा होत नाही. कातडीत पहिल्या गटाचे मदतनीस हळूहळू बाजी मारतात, आणि लोकांनी त्याला लागणारा वेळ मोजून रोगाला तेच नाव दिले. प्रतिकारशक्तीचा इतका नेमका अभ्यास नावात उतरलेला दुसरा रोग मला आठवत नाही. एवढेच नव्हे, पुन्हा होत नाही हे जाणून तिकडचे लोक मुलांच्या झाकल्या अंगावर मुद्दाम फोडाचा स्राव टोचत, म्हणजे चेहरा वाचे. याला 'लीशमनायझेशन' म्हणतात, आणि इराण-इराक युद्धाच्या काळात इराणने ते सैनिकांवर मोठ्या प्रमाणावर केले. मराठीत याला सरळ 'लस' म्हणावे. चरकाचा 'लसीका' म्हणजे शरीरातून पाझरणारा पातळ स्राव. देवीच्या काळात तो पाझर टोचला गेला म्हणून टोचणीलाच लस नाव पडले. आजच्या बहुतेक लसींत पाझर उरलेला नाही. ही लस मात्र मूळ अर्थाने लस होती. आधुनिक अर्थाची, माणसासाठी मान्यता मिळालेली लस या रोगावर अजून नाही.

बऱ्या झालेल्या फोडाच्या जागी थोडे परजीवी वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि उंदरांतल्या प्रयोगांत ते संपूर्ण नाहीसे केले तर प्रतिकारही ओसरला. आपले सुभाषितकार सांगत आले की ऋण, अग्नी, शत्रू आणि व्याधी यांचा शेष ठेवू नये. इथे शेषच पहारा जागता ठेवतो. अर्थात सुभाषितकार अगदीच चुकलेले नाहीत. एचआयव्हीने टी-पेशी खचल्या की तोच शेष उसळतो. आणि काळ्या आजारातून बऱ्या झालेल्या काहींना महिन्यांनी, वर्षांनी, कातडीवर फिके चट्टे आणि गाठी उठतात. ब्रह्मचारी यांनी १९२२ साली त्यांचे वर्णन केले. आत पानथरीत शरीर जिंकलेले असते, कातडीत वाद शिल्लक. माणूस ठणठणीत, ताप नाही, म्हणून तो दवाखान्यात जात नाही. आणि वाळूमाशीला मात्र त्याच्या कातडीतून परजीवी मिळतो. बांगलादेशाने २०२३ साली सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून काळ्या आजाराचे उच्चाटन केल्याची मोहर जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली, जगात पहिल्यांदा. तिथे आणि आपल्या बिहार-झारखंडात आता लक्ष ठेवायचे ते या चट्ट्यांवर.

या अवस्थेला मराठीत नाव नाही. इंग्रजीतून शब्दशः उतरवले तर 'काळाआजारोत्तर त्वचीय लीशमनता' असे काहीतरी होईल, आणि ते रुग्णाला काय, डॉक्टरलाही एका दमात म्हणता येणार नाही. हिंदीत 'चमड़ी का कालाजार' म्हणतात ते सोपे आहे, पण त्यात आधीचा आजार होऊन गेल्याची खूण नाही. माझे मत 'शेषडाग'ला. ज्यांना याहून बरा शब्द सुचेल त्यांनी तो जरूर कळवावा.